तीन तासांची चाचणी, पंधरा मिनिटांचा निकाल

दिगंबर, हे सांगायचं मी चार वर्षं टाळलं. आधी वाटलं, तू विसरशील. मग वाटलं, लोक विसरतील. तू विसरला नाहीस. लोकही विसरले नाहीत, त्यांनी फक्त खोटं तेवढं लक्षात ठेवलं. आणि ते खोटं त्यांना मी पुरवलं होतं, स्वच्छ टाईप करून, खाली सही करून.

परवा शिक्षण संस्थेच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. बोलायला आठ जण होते. जे प्राध्यापक तुला 'ए कॉम्प्युटरवाले' अशी हाक मारायचे, ते 'माझा जिवलग मित्र' म्हणाले. एकाने तुझं नाव दत्तात्रय घेतलं. मागून कुणीतरी 'दिगंबर, दिगंबर' म्हणालं, तर तो माईकवरून म्हणाला, "तेच ते." तू असतास तर हसला असतास. मला हसू आलं नाही. ही माणसं मेलेल्याचं नावसुद्धा विचारून घेत नाहीत आणि डोळे मात्र पुसतात.

शेवटी सचिव उठले. "दिगंबर संस्थेचा गुणी कर्मचारी होता," ते म्हणाले. "आता माणूस म्हटला की चूक आली. त्या ऑनलाइन परीक्षेच्या वेळी सर्व्हरचं जे झालं ते झालं. संस्थेनं मोठ्या मनानं ते पोटात घातलं."

मी पहिल्या रांगेत होतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर सुनीता आणि तिच्या पलीकडे तुझी मुलगी. बारावीला गेलीय म्हणे. ती आईकडे वळून हळूच म्हणाली, "आई, पप्पांनी काय केलं होतं?"

सुनीता म्हणाली, "काही नाही गं. नंतर सांगते."

नंतर ती काय सांगणार? तिला जे माहीत आहे ते माझ्या अहवालातलं आहे. म्हणून हे लिहायला बसलो. तुझ्या मुलीला तिच्या बापाबद्दल काही कळायचंच असेल, तर ते सचिवांच्या मोठ्या मनातून कळू नये.

तू सातपूरच्या कारखान्यात माझ्याकडे आलास तेव्हा डिप्लोमा नुकताच झाला होता. मी विजेच्या मोटारींच्या चाचणी विभागाचा प्रमुख. पहिल्याच आठवड्यात तू विचारलंस, "सर, मोटर तर झ्याक चालतेय. मग 'पास' का लिहायचं नाही?" मी तुला त्या मोटारीसमोर स्टुलावर बसवलं आणि दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहायला सांगितलं. पहिला तास तापमान चढत गेलं. दुसरा तासही. तिसऱ्या तासाला तू म्हणालास, "आता कधी?" मी म्हणालो, "तापणं थांबेल तेव्हा. पहिल्या तासात सगळ्याच मोटारी सज्जन असतात."

हे वाक्य तू पुढे वीस वर्षं लोकांना ऐकवलंस. माझं नाव घेऊन. विक्री विभागाचा ट्रक दारात उभा असताना मी मोटार सोडली नाही, ड्रायव्हर शिव्या देत होता आणि आमचे सर चहा पीत होते, हा किस्सा तर तू इतक्यांदा सांगितलास की सुनीता म्हणायची, "आता ट्रक येईल बघा." मला ते ऐकायला फार आवडायचं. स्वतःबद्दलचं चांगलं ऐकायला ज्याला इतकं आवडतं, त्याच्यापासून लोकांनी जपून राहावं. तू राहिला नाहीस.

कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा तू संगणकाकडे वळलास आणि संस्थेत लागलास. मी निवृत्त होऊन गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये दिवसातून तीनदा तेच वर्तमानपत्र वाचत होतो. तुझ्या मनात आलं, सरांचा वेळ जात नसेल. तू सचिवांना माझं नाव सुचवलंस आणि मी संस्थेचा तांत्रिक सल्लागार झालो. मानधन नव्हतं. टेबलावर नावाची पाटी होती आणि न्यायला गाडी यायची. त्या गाडीची किंमत तुला पुढे मोजावी लागणार, हे तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही. पण खरं सांगतो, सोसायटीच्या फाटकात हॉर्न वाजला की मी खिडकीतून आधी बघायचो, समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणाचं लक्ष आहे का.

मग ते साथीचं वर्ष आलं आणि सगळ्या महाविद्यालयांची परीक्षा ऑनलाइन घ्यायचं ठरलं. पेपर तीन तासांचा. मुलं आपापल्या गावात, हातात मोबाइल. त्यांची उत्तरं साठवायला सर्व्हर हवा, आणि तो विकत न घेता दूरच्या एका कंपनीकडून भाड्याने घ्यायचा. तिथे सर्व्हरचे प्रकार शेकड्यांनी. त्यातले तीन तू निवडलेस आणि अकरा दिवस त्यांची तुलना करत बसलास.

त्या अकरा दिवसांतले चार मी तुझ्याशेजारी बसून काढले. कारखान्यानंतर तितके चांगले दिवस मला मिळाले नाहीत. तू खोटे विद्यार्थी तयार केले होतेस, म्हणजे खऱ्या मुलासारखं आत येऊन प्रश्न उघडणारा, उत्तर निवडणारा, मध्येच घाबरून मागे जाणारा प्रोग्राम. त्या विद्यार्थ्यांना तू नावंही दिली होतीस. दर दोन सेकंदांनी उगाचच बटण दाबणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव 'सचिव' होतं. आत येऊन काहीच न करता बसून राहणाऱ्याचं नाव काय ठेवलंयस विचारलं, तर तू मान खाली घालून म्हणालास, "सल्लागार."

मी तुझ्या पाठीत धपाटा घातला. इतका हसलो की शिपाई बघायला आला.

तुझा निष्कर्ष साधा होता. पहिला, स्वस्त प्रकार काम नसताना ताकद साठवतो. काम आलं की साठ्यातून घेऊन जोरात धावतो. साठा संपला की त्याचा वेग पाचव्या हिश्श्यावर येतो. दुसरा प्रकार पहिल्या मिनिटाला जसा चालतो तसाच शेवटच्या मिनिटाला चालतो. तिसरा त्याहून वेगवान, पण आपल्याला त्याची गरज नाही. पहिल्या चाळीस मिनिटांत पहिला आणि दुसरा यांच्यात फरक ओळखू येत नाही. परीक्षा मात्र तीन तासांची आहे. म्हणून दुसरा घ्यावा. बस.

आपलं भांडण एका गोष्टीवरून झालं आणि ते अर्धवटच राहिलं. तू सरासरी वेळ मांडायला तयार नव्हतास. "सरासरी नको सर," तू म्हणालास. "सगळ्यात मागे राहिलेला पोरगा किती वेळ थांबला ते बघायचं."

मी म्हणालो, "अरे, हजारात एखादा मागे राहणारच. त्याच्यासाठी कुणी गाडी थांबवत नाही."

"मोटारीत तुम्ही सरासरी तापमान घ्यायचे का? सगळ्यात तापलेली जागाच बघायचे ना?"

मी म्हणालो, "मोटार वेगळी, माणसं वेगळी." इतकं मूर्ख वाक्य मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. तरी अहवाल वाचून झाल्यावर सातव्या पानाच्या समासात मी लिहिलं, 'चाचणीची पद्धत निर्दोष.' खाली सही केली. मूळ प्रत मी घेतली, झेरॉक्स तू ठेवलीस.

त्यानंतर सचिवांच्या केबिनमध्ये बैठक झाली. सर्व्हर पुरवायला जो आला होता तो सचिवांच्या साडूचा मुलगा. चकचकीत बूट, प्रत्येक वाक्यात दोनदा 'बेसिकली'. त्याने फक्त पहिलाच प्रकार आणला होता आणि सोबत एक रंगीत आलेख. आलेख पहिल्या दहा मिनिटांचा होता. अकराव्या मिनिटाला काय होतं हे विचारावं असं त्या केबिनमधल्या एकाही पदवीधराला वाटलं नाही.

तू विचारलंस. आणि ते समजत नाहीत म्हटल्यावर त्यांच्या भाषेत सांगायला गेलास. "साहेब, आमच्या कळवणकडं रान घेताना विहीर बघतात. सकाळी मोटर टाकली की कुठलीबी विहीर धो धो देते, रातभराचं पाणी साचलेलं असतं. शहाणा माणूस मोटर बंद करू देत नाही. तळ लागू देतो, मग झरा किती येतो ते बघतो. हा पहिला प्रकार म्हणजे नुसता साठा हाय."

सचिव म्हणाले, "अरे बाबा, आपण परीक्षा घेतोय का कांदे लावतोय?"

सगळे हसले. साडूचा मुलगा तर टेबलावर हात आपटून. मीही हसलो, दिगंबर. त्या खोलीत तुझं म्हणणं समजलेला एकटा माणूस मी होतो, आणि मी हसलो.

त्याचं कारण क्षुल्लक आहे. लिहायला हात धजत नाही इतकं क्षुल्लक. पाच मिनिटांपूर्वी मी सर्व्हरचा वेग सांगताना 'इतके जीबी' असं म्हणालो होतो आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "सर, ते मेमरीचं झालं. वेगाचं नाही." तू आदरानेच म्हणालास. पण साडूच्या मुलाने माझ्याकडे बघून हसू दाबत ओठ चावले. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला एका पोराने ओठ चावलेले सहन झाले नाहीत, एवढीच ही गोष्ट. लोकांना वाटतं, मोठं पाप करायला मोठं कारण लागतं. माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

सचिवांनी मला विचारलं, "सल्लागार काय म्हणतात?"

मी म्हणालो, "समोरासमोर चाचणी घेऊ. सगळ्यांच्या देखत."

आपल्या संस्थेत चाचणी म्हणजे काय असतं हे तुला सांगायला नको. गुरुजींनी गुरुवारी सकाळचा मुहूर्त काढला. संगणकाच्या पडद्याला झेंडूचा हार. सर्व्हर कुठे तरी समुद्राजवळच्या शहरात, म्हणून हळदकुंकू कीबोर्डला. चाचणीआधी नारळ फोडायचा, आणि नारळ फुटला की निवड फिरवायची नाही, ही इथली जुनी रीत. बोअरवेलला पाणी नव्हतं तरी नारळ फुटल्यावर तिथेच आणखी दोनशे फूट खणलं होतं, तेव्हा तूच म्हणाला होतास, "हे लोक नारळाला घाबरून पाताळात जातील."

आता ते सांगतो, जे कुणालाच सांगितलेलं नाही.

बुधवारी सकाळी मी साडूच्या मुलाला फोन केला. मी म्हणालो, "उद्या चाचणी आहे. आज दिवसभर तुमच्या त्या मशीनवर काहीही चालवू नका. चालू ठेवा, पण रिकामं ठेवा."

तो म्हणाला, "का सर? बेसिकली, त्यानं काय होतं?"

त्याला माहीतही नव्हतं! आपला माल कशाने पळतो हे त्या गाढवाला मी शिकवलं. आणि मला तू शिकवलं होतंस.

गुरुवारी दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पळवले. पंधरा मिनिटं. पूर्ण साठ्याने भरलेलं ते स्वस्त मशीन अर्ध्या सेकंदाने पुढे आलं. टाळ्या पडल्या. तू दाराजवळ उभा होतास. तू म्हणालास, "सर, अजून चालू द्या. एक तास. फक्त एक तास."

ते वाक्य माझं होतं. सातपूरला ट्रकवाल्यांना, मॅनेजरला, मालकाच्या भावाला मीच सांगायचो. तू माझंच वाक्य मला परत दिलंस, हात पुढे करून. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "दिगंबर, पाहुणे थांबलेत."

पेढे वाटले. तू पेढा घेतलास आणि खाल्ला नाहीस.

परीक्षेच्या दिवशी मुलं सकाळी आठपासूनच आत येऊन बघत होती, चालतंय का, नाव दिसतंय का. काळजीच ती. त्या काळजीने साठ्यातलं निम्मं पाणी पेपर सुरू व्हायच्या आधीच उपसलं. अकराला पेपर सुरू झाला. सव्वाअकराला सचिवांनी पत्रकारांना फोन लावून सांगितलं की ग्रामीण भागातली क्रांती सुरळीत सुरू आहे. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी क्रांती बसली.

मी नियंत्रण कक्षात तुझ्यामागे उभा होतो. एकेका उत्तराला मिनिट, दोन मिनिटं लागत होती. मग उत्तरं जाईनात. फोन वाजू लागले. सुरगाण्याकडच्या एका बापाचा फोन तू स्पीकरवर घेतलास.

"साहेब, गोल गोल फिरतंय नुस्तं. पोरगी सकाळपासनं टेकडीवर बसलीय. खाली रेंज नाय. तिचं काय चुकलं का?"

तू म्हणालास, "तिचं काही नाही चुकलं दादा. तिला म्हणावं पाणी पी. आमचं चुकलंय."

'आमचं'. हाच शब्द सचिवांनी पकडला. संध्याकाळी ते म्हणाले, "यानं स्वतःच फोनवर कबूल केलंय."

मग चौकशी समिती. तीन जण, आणि अध्यक्ष मी. चोराला किल्ल्या देण्याची आपल्याकडे रीतच आहे, फक्त मान म्हणून देतात. अहवालाचं वाक्य मी दोन दिवस घासत होतो. शेवटी लिहिलं, 'सर्व्हरच्या प्रकाराची निवड जाहीर चाचणीअंती झाली होती. प्रत्यक्ष परीक्षेच्या वेळी देखरेखीत हयगय झाल्याचे दिसते. चाचणीपूर्व तुलनेचा कोणताही अहवाल समितीसमोर आला नाही.'

शेवटचं वाक्य शब्दशः खरं होतं. अहवाल समितीसमोर आला नाही, कारण तो माझ्या घरी कपाटात, गरम कपड्यांखाली होता. मी खोटं बोललो नाही, असं स्वतःला सांगून मी त्या रात्री नीट झोपलोसुद्धा. अशी झोप लागणाऱ्या माणसांबद्दल मला पूर्वी फार तिरस्कार वाटायचा.

मुलांनी पेपर पुन्हा दिला. दुसऱ्या वेळी गाजावाजा न करता, तू सांगितलेला दुसरा प्रकार वापरला आणि तीन तास सगळं सुरळीत झालं. त्याचं श्रेय नव्या देखरेखीला मिळालं. तू तोवर राजीनामा दिला होतास.

तुझाही मला राग येतो, दिगंबर. आज येतो तसा तेव्हाही यायचा. झेरॉक्स तुझ्याकडे होती. सातव्या पानावर माझं अक्षर, माझी सही. एक पान सचिवांच्या टेबलावर टाकलं असतंस तर मी दोन मिनिटांत उघडा पडलो असतो. तू ते टाकलं नाहीस. का? सरांची अब्रू? माझ्या कसल्या अब्रूला तू जपत होतास? चांगुलपणा करायला जगात माणसं कमी होती म्हणून तू माझ्यावर केलास? तुझ्या गप्प बसण्याने माझं काम फार सोपं झालं, आणि ते तू केलंस म्हणून मी तुला मनातल्या मनात भोळसट म्हणत आलो. ज्याने आपल्याला वाचवलं त्याला भोळसट म्हणायचं, म्हणजे उपकार फेडावे लागत नाहीत.

आणि तू तेवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. दर नोव्हेंबरला माझ्या पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवर काढायचा असतो. ते मला जमत नाही, मुलगा परदेशात. संस्था सोडल्यावर पहिला नोव्हेंबर आला तेव्हा मी कुणाला विचारावं या विचारात होतो, तर तुझाच फोन. "सर, दाखला राहिला असेल ना? व्हिडिओ लावा. मी सांगतो तसं करा." मग दरवर्षी. मोबाइल डोळ्यांसमोर धरायचा आणि पापण्या मिटायच्या. मला ते वेळेवर जमायचं नाही. तू पलीकडून ओरडायचास, "डोळे मिचकवा सर, डोळे! मशीनला वाटतंय तुमचा फोटो लावलाय भिंतीवर."

मी जिवंत आहे हे चार वर्षं तू सिद्ध करत होतास. परवा सभागृहात भिंतीला टेकवलेल्या तुझ्या फोटोसमोर मी उभा राहिलो आणि वेड्यासारखा तुझ्या पापण्यांकडे बघत बसलो. लोकांना वाटलं, सर भावूक झाले. कुणीतरी माझ्या हाताला धरून खुर्चीवर बसवलं. एका प्राध्यापकाने माझा फोटोही काढला, संस्थेच्या ग्रुपवर टाकायला. खाली लिहिलं होतं, 'गुरूचे अश्रू'. या लोकांच्या हातून विटंबनासुद्धा धड होत नाही.

येवल्याला मी आलो होतो ते आता सांगतो. तू तिकडे पैठणीच्या एका पेढीत लागला होतास, साड्यांचे फोटो आणि वेबसाइट सांभाळायला. सुनीताचं माहेर तिथलं. सोडून जाताना तू म्हणाला होतास, "या एकदा सर, माग बघायला." दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी सीबीएसच्या स्टँडवरून एसटी धरली. माग बघायला नाही. जाताना निफाडपर्यंत मी तीन वाक्यं पाठ केली होती. तीनच. वय झालं की लांबलचक माफी मागताना माणूस स्वतःचीच बाजू मांडायला लागतो, म्हणून तीन.

तू स्टँडवर घ्यायला आलास. केस पांढरे झाले होते. दुकानाच्या मागच्या खोलीत माग चालू होता. तू विणकराची ओळख करून दिलीस, "हे माझे सर. यांच्यामुळं मी माणसात आलो." विणकर उठून पाया पडला. मी त्याला पाया पडू दिलं.

मग तू संगणकासमोर नेलंस. दिवाळीच्या गर्दीसाठी सर्व्हर बदलायचा होता, तुझी पुन्हा तुलना चालू होती, पुन्हा तीन प्रकार. "पेढीचे शेट म्हणतात, अर्धा तास बघ आणि ठरव," तू हसत म्हणालास. "मी म्हटलं, आमच्या सरांच्या हाताखाली शिकलोय. तसं चालायचं नाय."

जेवलो. सुनीताने शेवभाजी केली होती. तुझी मुलगी शाळेतून आली, माझ्या पाया पडली. मी पाकिटातून काढून तिच्या हातावर काहीतरी ठेवलं. तीन वाक्यं तोंडात तयार होती. तू हात धुऊन माझ्यासमोर बसलास आणि सुपारी कातरता कातरता म्हणालास, "सर, एक विचारू? चार-पाच दिवसांपूर्वी जुन्या नोंदी चाळत होतो. त्या चाचणीच्या आदल्या दिवशी पहिलं मशीन दिवसभर रिकामं होतं. एकही खोटा विद्यार्थी आत गेला नाही. बाकी सगळे दिवस साडूचा पोरगा त्याच्यावर काही ना काही चालवायचाच. नेमकं त्याच दिवशी ते रिकामं ठेवायला कुणी सांगितलं असेल?"

अडकित्ता थांबला होता. तू माझ्याकडे बघत होतास. दार सताड उघडं होतं, दिगंबर. तू ते उघडून धरलं होतंस. मला फक्त आत यायचं होतं.

मी म्हणालो, "आठवत नाही रे. वय झालं आता."

तू पुन्हा सुपारी कातरायला लागलास. सुपारी माझ्यापुढे धरून म्हणालास, "असू द्या. त्या पोराचंच काम असणार. तुम्ही असं कधी करायचे नाहीत."

तुला माहीत होतं का, हे मला कधीच कळणार नाही. माहीत नसेल तर तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलास, आणि माहीत असेल तर मला सोडून देऊन गेलास. यातलं कुठलं जास्त जड आहे ते मी ठरवू शकलेलो नाही. तू मला एसटीत खिडकीजवळ बसवलंस, पाण्याची बाटली दिलीस आणि बस हलेपर्यंत खाली उभा राहिलास. खिडकीच्या काचेवर टकटक करून म्हणालास, "नोव्हेंबरात फोन करतो."

अहवालाची मूळ प्रत कपाटातून काढली आहे. सुनीताला ती या पत्रासोबत नेऊन देईन, आणि त्या प्रतीची झेरॉक्स संस्थेच्या प्रत्येक संचालकाला पाठवीन. ते ती वाचणार नाहीत. सचिव म्हणतील, सरांचं वय झालं. ते चालेल. तुझी मुलगी सातवं पान वाचेल आणि त्यावर कुणाची सही आहे ते तिला दिसेल, मला तेवढं पुरे.

आणि निफाडपर्यंत पाठ केलेली, येवल्याहून तशीच परत आणलेली ती तीन वाक्यं अशी होती:

दिगंबर, मशीन रिकामं ठेवायला मी सांगितलं होतं. तुझा अहवाल माझ्याकडे होता आणि तो मी लपवला. तुझं काहीही चुकलं नव्हतं, मला माफ कर.